एडिनबऱ्याचे होली कॉर्नर : चार चर्चवास्तू, एक चौक आणि रिकाम्या झालेल्या एका इमारतीचा निर्णय

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा. शहराच्या दक्षिण भागात ब्रन्ट्सफील्ड आणि मॉर्निंगसाइड या वस्त्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथे मॉर्निंगसाइड रोड, कोलिंटन रोड आणि चेंबरलेन रोड एकत्र येतात. या चौकाला शहरातले लोक ‘होली कॉर्नर’ म्हणतात, कारण त्याच्याभोवती चार चर्चवास्तू एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. पहिली स्कॉटिश एपिस्कोपल पंथाची, दुसरी फ्री चर्चसाठी बांधलेली आणि पुढे बॅप्टिस्ट मंडळीच्या (मंडळी म्हणजे एका चर्चमधील उपासकांचा संघ) वापरात आलेली, तिसरी मूळ काँग्रिगेशनल पंथाची आणि चौथी युनायटेड प्रेस्बिटेरियन पंथाची. यांपैकी चौथी वास्तू, म्हणजे पूर्वीचे नॉर्थ मॉर्निंगसाइड चर्च, १९८० मध्ये तिच्या मंडळीने सोडली. त्यानंतर ती पाडली गेली नाही आणि तिच्यात सदनिकाही झाल्या नाहीत. आसपासच्या चर्च मंडळींनी मिळून तिथे सर्वांसाठी खुले असलेले सेवाकेंद्र उभारले, आणि ते आज धावपटू व मिशनरी एरिक लिडेल यांच्या नावाने ओळखले जाते. हा निर्णय कोणत्या परिस्थितीत झाला आणि तो का टिकला, याचा हा अभ्यास आहे.

युरोपातील रिकाम्या चर्चविषयी लिहिताना श्रद्धा ओसरली म्हणून चर्च ओस पडली, असे एक ठरावीक कारण दिले जाते. होली कॉर्नरचा इतिहास नीट पाहिला तर हे कारण अपुरे ठरते. इथल्या जादा वास्तूंचे मूळ आधी पंथांच्या भांडणात आहे आणि नंतर ती भांडणे मिटण्यात आहे. भांडण झाले तेव्हा प्रत्येक पक्षाने आपापले चर्च बांधले. समेट झाला तेव्हा पक्ष एक झाले, पण दगडी इमारती तेवढ्याच राहिल्या. उपासकांची संख्या घटली ही गोष्ट खरीच आहे, मात्र ती या कथेत बऱ्याच उशिरा येते.

फाटाफुटीचा काळ

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये, पाळकाची निवड कोणी करायची, हा अठराव्या शतकापासून धुमसणारा प्रश्न होता. १७१२ च्या कायद्याने हा अधिकार जमीनदार आश्रयदात्यांकडे गेला, आणि गावाला नको असलेला पाळक गावाच्या माथी मारला जाण्याचे प्रसंग वारंवार घडू लागले. या आणि अशाच अन्य कारणांनी काही गट आधीच बाहेर पडले होते. त्यांतल्या दोन मोठ्या प्रवाहांचे १८४७ मध्ये एकत्रीकरण होऊन युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च स्थापन झाले. त्याआधी चार वर्षे, १८ मे १८४३ रोजी, त्याहून कितीतरी मोठी फूट पडली. त्या दिवशी एडिनबऱ्यात भरलेल्या महासभेतून पाळक उठून बाहेर पडले, आणि सुमारे ४५० पाळकांनी, म्हणजे एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक जणांनी, राष्ट्रीय चर्चशी संबंध तोडून फ्री चर्च स्थापन केले. ते चर्चची इमारत, राहते घर आणि पगार या तिन्ही गोष्टी सोडून निघाले होते. त्यांचे अग्रणी थॉमस चामर्स हे या नव्या चर्चचे पहिले अध्यक्ष झाले. चामर्स यांचे घर आजच्या होली कॉर्नरच्या अगदी जवळ, चर्चहिल येथे होते, आणि १८४७ मध्ये त्यांचे निधनही तिथेच झाले.

या फुटीचे पडसाद मुंबईपर्यंत आले होते, याची नोंद मराठी वाचकांसाठी इथे करावीशी वाटते. मुंबईतील विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन विल्सन १८४३ नंतर फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले, आणि १८७० मध्ये त्यांना त्या चर्चच्या महासभेचे अध्यक्षपद मिळाले.

फ्री चर्च आणि युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च यांच्या शिकवणीत आणि उपासनेत सामान्य माणसाला जाणवेल असा फरक फारसा नव्हता. दोघांचे मतभेद राज्यसत्तेशी असलेल्या नात्यावरून होते. राज्याने चर्चला आधार द्यावा, पण ढवळाढवळ करू नये, असे फ्री चर्चचे म्हणणे होते. युनायटेड प्रेस्बिटेरियनांमध्ये मात्र, चर्चने राज्याचा पैसा मुळी घेऊच नये आणि सभासदांच्या स्वेच्छेच्या वर्गणीवरच चालावे, हे मत प्रबळ होते. दोघांनी एक व्हावे म्हणून १८६३ ते १८७३ अशी दहा वर्षे बोलणी चालली आणि ती फिसकटली.

होली कॉर्नरच्या दृष्टीने १८७३ हे साल कळीचे आहे. नेमक्या त्याच दशकात फ्री चर्चची वास्तू या चौकात उभी राहिली, आणि दशकाच्या अखेरीस, १८७९ ते १८८१ या काळात, युनायटेड प्रेस्बिटेरियनांनी जवळच नॉर्थ मॉर्निंगसाइड चर्च बांधले. बोलणी यशस्वी झाली असती, तर जवळपास सारखीच उपासना करणाऱ्या दोन मंडळींना इतक्या जवळ दोन मोठ्या इमारती बांधण्याचे कारण उरले नसते. पुढे १९८० मध्ये जी इमारत रिकामी पडली, तिच्या बांधकामामागे ही फिसकटलेली बोलणी होती, असे मला या सगळ्या कालक्रमावरून स्पष्ट दिसते.

एपिस्कोपल पंथाचे प्रकरण वेगळे आहे. बिशपांची व्यवस्था मानणाऱ्या या पंथाने पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याची बाजू धरली होती, त्यामुळे अठराव्या शतकात त्याच्यावर कडक कायदेशीर बंधने आली, आणि ती १७९२ मध्ये उठली. एकोणिसाव्या शतकात शहरांच्या सुखवस्तू भागांत या पंथाने पुन्हा मूळ धरले. होली कॉर्नरचे क्राइस्ट चर्च १८७० च्या दशकात उभे राहिले. त्याचे वास्तुविशारद हिपोलिट ब्लांक फ्रेंच आईबापांच्या पोटी एडिनबऱ्यातच १८४४ मध्ये जन्मले होते, आणि क्राइस्ट चर्चला त्यांनी दिलेले टोकदार कमानींचे फ्रेंच गॉथिक वळण, उंच निमुळता मनोरा आणि रस्त्याकडे वळलेली डौलदार मागची बाजू यांमुळे हा चौक लांबूनही ओळखू येतो.

हाच चौक का

पंथ वेगळे होते म्हणून इमारती वेगळ्या झाल्या, हे खरे. पण त्या सगळ्या एकाच चौकात का आल्या, याचे उत्तर धर्मशास्त्राऐवजी शहराच्या वाढीत शोधावे लागते. एडिनबऱ्यात १८७१ पासून घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. शहराच्या दक्षिणेकडील जुन्या मिळकतींचे मालक आपली जमीन तुकड्या-तुकड्यांनी बांधकामासाठी देऊ लागले, आणि बंगले व दगडी चाळवजा उंच घरे यांच्या रांगा उभ्या राहिल्या. उपनगरी रेल्वेने मॉर्निंगसाइड रोड स्थानकातून १८८४ मध्ये प्रवासी नेणे सुरू केले. इथे राहायला आलेले वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक आणि बँकांचे अधिकारी हे वर्गणी देऊ शकणारे लोक होते, आणि प्रत्येक पंथाला ते आपल्याकडे हवे होते.

त्या काळातील स्कॉटिश चर्चचा खर्च कसा चाले, हे कळल्याशिवाय या स्पर्धेचा अर्थ लागत नाही. बाकावरील जागा कुटुंबांना वर्षाच्या भाड्याने दिल्या जात, आणि या भाड्यावर व रविवारच्या वर्गणीवर मंडळीचा कारभार चाले. फ्री चर्चमध्ये चामर्स यांनी सुरू केलेला एक मध्यवर्ती निधी होता. सगळ्या मंडळी त्यात पैसे भरत आणि त्यातून पाळकांना समान वाटा मिळे, म्हणजे मॉर्निंगसाइडसारख्या सधन वस्तीतील मंडळीने भरलेल्या पैशांवर डोंगराळ भागातल्या गरीब गावाचा पाळक जगत असे. त्यामुळे नव्या उपनगरात आधी जागा धरणे हे पंथाच्या पूर्ण अर्थव्यवस्थेसाठी महत्त्वाचे होते. चौकातली जागा चारही दिशांनी दिसते आणि तिन्ही रस्त्यांवरच्या घरांना पायी येण्यासारखी असते. रविवारी वाहन वापरणे अनेक धर्मनिष्ठ कुटुंबांना शब्बाथभंग, म्हणजे रविवारची पवित्र विश्रांती मोडणे, वाटे, म्हणून पायी गाठता येणारे अंतर ही पहिली अट होती. या सगळ्या हिशेबात बसणारी जागा वस्तीत एकच असेल, तर चारही पंथ तिथेच येणार.

नॉर्थ मॉर्निंगसाइडच्या वास्तूकडे पाहिले की ही स्पर्धा दगडात उतरलेली दिसते. शेजारी गॉथिक टोकदार कमानी असताना या चर्चचे वास्तुविशारद डेव्हिड रॉबर्टसन यांनी नॉर्मन शैली निवडली. तिच्यात गोल कमानी, भक्कम जाड भिंती आणि चौकोनी घडण आहे. नॉर्मन दारात कमानीच्या आत कमान, तिच्या आत आणखी एक कमान अशी कडी असते, आणि प्रत्येक कमान मागच्या कमानीपेक्षा थोडी आत सरकलेली असते, त्यामुळे भिंतीची जाडी डोळ्यांना मोजता येते. राज्याचा पैसा नाकारून सभासदांच्या खिशातून चालणाऱ्या एका पंथाने असे दार बांधावे, यात आम्ही कोणापेक्षा कमी नाही हे सांगण्याची धडपड आहे, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. बाराव्या शतकातील राजमान्य चर्चची शैली एका ऐच्छिक वर्गणीच्या मंडळीने एकोणिसाव्या शतकात स्वतःच्या बळावर उभी केली, ही मोठी गोष्ट होती.

समेट आणि जादा झालेल्या भिंती

वास्तूंची अदलाबदल इथे फार लवकर सुरू झाली. चौकातली फ्री चर्चची इमारत त्या मंडळीला अपुरी पडली, आणि १८९२ मध्ये तिने चर्चहिल येथे नवे चर्च बांधले. त्याचे वास्तुविशारदही हिपोलिट ब्लांकच होते. मोकळी झालेली जुनी इमारत बॅप्टिस्ट मंडळीकडे आली आणि पुढे अनेक दशके तिच्याच नावाने ओळखली गेली. म्हणजे होली कॉर्नरमधील पहिले हस्तांतर चर्च भरून वाहत असताना झाले, ओस पडल्यामुळे नव्हे.

पुढचा टप्पा १९०० चा. त्या वर्षी फ्री चर्चचा बहुसंख्य भाग आणि युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च अखेर एक झाले आणि युनायटेड फ्री चर्च जन्माला आले. हे एकत्रीकरण अमान्य असलेल्या फ्री चर्चच्या छोट्या गटाने न्यायालयात धाव घेतली. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या अंतिम अपील न्यायपीठाने, निकाल दिला की मूळ तत्त्वांना धरून राहिलेला गटच फ्री चर्चच्या मालमत्तेचा खरा हक्कदार आहे. मूठभर लोकांना शेकडो इमारती मिळाल्या आणि त्या चालवण्याइतकी माणसे त्यांच्याकडे नव्हती. अखेर १९०५ मध्ये संसदेने कायदा करून मालमत्तेची वाटणी केली. हा खटला मी मुद्दाम सांगतो आहे, कारण चर्चची इमारत कोणाची, हा प्रश्न किती खोल जाऊ शकतो ते त्यातून कळते. ती बांधणाऱ्यांची, आज तिथे उपासना करणाऱ्यांची, की ज्या तत्त्वासाठी बांधली त्या तत्त्वाची? १९८० मध्ये होली कॉर्नरमध्ये जे घडले ते याच प्रश्नाचे, पण कोर्टकचेरीशिवाय दिलेले उत्तर आहे.

१९२९ मध्ये युनायटेड फ्री चर्चचा मोठा भाग राष्ट्रीय चर्चमध्ये विलीन झाला. पाळक निवडण्याचा जमीनदारांचा अधिकार १८७४ मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे भांडणाचे मूळ कारण केव्हाच नाहीसे झाले होते. आता मॉर्निंगसाइडचे जुने राष्ट्रीय चर्च, चर्चहिलवरचे पूर्वीचे फ्री चर्च आणि चौकातले नॉर्थ मॉर्निंगसाइड चर्च, हे सगळे एकाच संस्थेच्या छत्राखाली आले. एका संस्थेला एका वस्तीत इतक्या मोठ्या इमारतींची गरज नव्हती, आणि त्या वेळी उपासकांची संख्या घटलेली नव्हती. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सभासदांची संख्या उलट १९५० च्या दशकात १३ लाखांच्या वर पोहोचली, आणि त्याच कळसानंतर उतार लागला. हा उतार पुढे फार तीव्र झाला. २०२२ च्या अखेरीस सभासद सुमारे २ लाख ७० हजार उरले होते, आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत स्कॉटलंडमधील ५१ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असे नोंदवले. समेटामुळे आधीच जादा ठरलेल्या इमारतींवर हा उतार येऊन आदळला.

पहिला बळी चर्चहिलची इमारत होती, पण तिला ‘बळी’ म्हणणेही बरोबर होणार नाही. ती शहराच्या महापालिकेकडे गेली आणि १९६५ मध्ये तिथे चर्च हिल थिएटर सुरू झाले. हौशी नाट्यमंडळांना ते आजही हक्काचे व्यासपीठ देते. शहरात असे अन्यत्रही झाले आहे. न्यू नॉर्थ फ्री चर्चच्या वास्तूत विद्यार्थ्यांचे बेडलॅम थिएटर १९८० पासून चालते, आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे उंच मनोऱ्याचे टॉलबूथ चर्च १९९९ पासून ‘द हब’ या नावाने एडिनबरा महोत्सवाचे केंद्र झाले आहे.

१९८० चा निर्णय

नॉर्थ मॉर्निंगसाइड चर्चच्या मंडळीने १९८० मध्ये स्वतःच्याच पंथातल्या दुसऱ्या मंडळीशी एकत्रीकरण केले असते तर ते नेहमीचेच झाले असते. तिने मात्र चौकातल्याच मॉर्निंगसाइड काँग्रिगेशनल चर्चशी हातमिळवणी केली, आणि दोघांची मिळून मॉर्निंगसाइड युनायटेड चर्च ही मंडळी झाली. या दोन पंथांचा कारभार वेगळ्या तत्त्वांवर चालतो. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत मंडळीचे वडील कारभार पाहतात, त्यांच्यावर परिसरातील मंडळींची प्रेस्बिटरी आणि तिच्यावर महासभा असते. काँग्रिगेशनल व्यवस्थेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते आणि सभासदांची सभा अंतिम निर्णय घेते. एकाच मंडळीने दोन्ही घराण्यांत पाय ठेवायचा, तर तिला दोन्हीकडचे नियम सांभाळावे लागतात. पुढे २००० मध्ये स्कॉटलंडमधील काँग्रिगेशनल मंडळी युनायटेड रिफॉर्म्ड चर्चमध्ये सामील झाल्या, तेव्हा या मंडळीचे दुसरे घराणेही बदलले. असे असूनही ती मंडळी अनेक दशके टिकली. वर्षानुवर्षे एकाच चौकात जाता-येता एकमेकांना पाहणाऱ्या लोकांनी हे केले म्हणून ते जमले, असे मला वाटते. कागदावर आखलेल्या एकत्रीकरणात असा शेजार नसतो.

संयुक्त मंडळीने उपासनेसाठी काँग्रिगेशनल वास्तू ठेवली. ती १९२० च्या दशकाच्या अखेरीची, म्हणजे दुसरीपेक्षा सुमारे पन्नास वर्षांनी नवी होती. नॉर्मन दाराची जुनी इमारत उरली. इथे या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून तो सविस्तर पाहायला हवा.

रिकाम्या चर्चपुढे साधारणपणे चार मार्ग असतात. पाडणे, घरांसाठी विकणे, व्यापाराला देणे किंवा सार्वजनिक उपयोगात आणणे. वारसा म्हणून नोंद झालेल्या इमारतीला पहिला मार्ग जवळपास बंद असतो. दुसऱ्या मार्गाने सर्वांत जास्त पैसा मिळतो, आणि मॉर्निंगसाइडसारख्या महागड्या वस्तीत तो मोह लहान नसतो. पण घरे झाली की इमारतीचे दार कायमचे खाजगी होते. ज्या वास्तूत तीन-तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे आणि विवाह झाले, ज्यांची लग्ने तिथे लागली त्यांनाही मग ती फक्त बाहेरून पाहता येते. परिसरातल्या चर्च मंडळींनी हा मार्ग सोडला आणि एकत्र येऊन इमारतीत समाजोपयोगी केंद्र सुरू केले. या पावलात वेगवेगळ्या पंथांनी एकाच इमारतीची जबाबदारी घेतली. शंभर वर्षांपूर्वी बोलणी फिसकटली म्हणून जी उभी राहिली, तिचा भार उचलायला शेजारचे सगळे पुढे आले.

केंद्राला एरिक लिडेल यांचे नाव मिळाले. लिडेल यांचा जन्म १९०२ मध्ये चीनमधील तिएनत्सिन येथे एका मिशनरी कुटुंबात झाला. एडिनबरा विद्यापीठात शिकत असताना ते मॉर्निंगसाइड काँग्रिगेशनल चर्चचे सभासद होते आणि तिथल्या रविवारच्या शाळेत शिकवत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी येत असल्याने त्यांनी तिच्यात धावण्यास नकार दिला. त्यांनी ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली आणि २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी ते चीनला गेले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये जपान्यांच्या वेइशिएन नजरकैद छावणीत त्यांचा मृत्यू झाला. लिडेल ज्या मंडळीत होते ती काँग्रिगेशनल, आणि त्यांचे नाव धारण करणारी इमारत मात्र पूर्वीच्या प्रेस्बिटेरियन मंडळीची. १९८० च्या एकत्रीकरणानंतर दोन्ही मंडळींच्या आठवणी एकाच कुटुंबाच्या झाल्या नसत्या, तर हे नामकरण इतक्या सहज झाले नसते.

रूपांतराचे काम अवघड होते, कारण प्रेस्बिटेरियन उपासनागृह हे एका आवाजासाठी बांधलेले असते. मध्यभागी प्रवचनपीठ, समोर आणि माडीवर रांगांनी बाक, वर उंच छत, अशी एकच विशाल पोकळी. थंड हवामानात ती गरम ठेवणे फार खर्चिक असते, कारण तापलेली हवा छताशी जाऊन बसते आणि माणसे खाली कुडकुडतात. शिवाय शिकवणीचा एक वर्ग, एक बैठक आणि वृद्धांची एक निवांत खोली हे सगळे एकाच वेळी एका पोकळीत चालू शकत नाही. म्हणून १९९० च्या दशकात आत मजले घातले गेले आणि त्यांवर खोल्या झाल्या. अशा रूपांतरात एक अनपेक्षित गोष्ट घडते. खालून मान वर करून पाहण्यासाठी बनवलेली रंगीत काचेची चित्रे मजल्यावर उभे राहिल्यावर थेट डोळ्यांसमोर येतात. शिशाच्या पट्ट्यांची जोडणी, चेहऱ्यावर कुंचल्याने काढलेल्या बारीक रेषा, एकाच निळ्या तुकड्यातली कमी-जास्त होत जाणारी जाडी, हे सगळे हातभर अंतरावरून दिसते. बांधणाऱ्यांच्या काळात हे दृश्य फक्त काचकारागिरांना मिळत असे.

त्याचबरोबर काहीतरी गमावलेही आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मजले घातल्यावर त्या पोकळीतला घुमणारा आवाज जातो, आणि शेकडो माणसांनी एकत्र गायलेल्या स्तोत्राला लागणारी जागा जाते. वास्तुरचनेचे काही अभ्यासक अशा रूपांतराला विरोध करतात, आणि त्यांचे म्हणणे मनापासून ऐकावे असेच आहे. तरीही या प्रकरणात मी रूपांतर करणाऱ्यांच्या बाजूने आहे. तिथे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची दिवसभर काळजी घेतली जाते, घरी आजारी माणसाची सेवा करून थकलेल्यांना आधार दिला जातो, एकट्या पडलेल्यांना सोबत मिळते, वर्ग चालतात, आणि इतर सेवाभावी संस्थांना जागा भाड्याने मिळते. बाकांच्या भाड्यावर उभी राहिलेली इमारत आता खोल्यांच्या भाड्यावर आणि देणग्यांवर उभी आहे. या व्यवस्थेत पहिल्या मंडळीचे ऐच्छिक वर्गणीचे तत्त्व अबाधित राहिले आहे, असे मला वाटते.

हा निर्णय दुसरीकडे लागू पडेल का

चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये सध्या प्रत्येक प्रेस्बिटरीने कोणत्या इमारती ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या याचे आराखडे केले आहेत, आणि देशभर अनेक चर्च विकली जात आहेत. अशा वेळी होली कॉर्नरचे उदाहरण सर्वत्र गिरवता येईल, असे कोणी म्हणाले तर ते मला पटणार नाही. इथे काही गोष्टी एकत्र जुळून आल्या होत्या. वस्ती दाट आणि सधन होती, त्यामुळे केंद्राला स्वयंसेवक, देणगीदार आणि वर्गांना येणारे लोक पायी चालत येण्याच्या अंतरावर मिळाले. बसचा वर्दळीचा मार्ग दारावरून जातो, म्हणून चालणे कठीण झालेल्या वृद्धांनाही तिथे पोहोचता येते. आणि रिकामी झालेली इमारत शेजारच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर होती. एखाद्या दूरच्या खेड्यातले चर्च बंद पडले की ते ज्या समितीच्या यादीत असते, त्या समितीतल्या बहुतेकांनी ते पाहिलेलेही नसते.

म्हणून आराखडे करणाऱ्यांसाठी या प्रकरणातून एक कामाचा प्रश्न काढता येतो. प्रत्येक इमारतीचा हिशेब वेगवेगळा मांडण्याऐवजी, हाकेच्या अंतरावर असलेल्या सगळ्या पंथांच्या इमारती एकत्र मांडून, त्या वस्तीला नेमक्या किती उपासनागृहांची, किती खोल्यांची आणि किती सभागृहांची गरज आहे हे शेजाऱ्यांनी मिळून आधी ठरवता येईल का? त्यासाठी एका पंथाच्या समितीने दुसऱ्या पंथाच्या समितीला बोलणी अर्धवट असताना आपले कागद दाखवावे लागतात, आणि मालमत्तेच्या बाबतीत संस्था असे सहसा करत नाहीत. मॉर्निंगसाइडमध्ये मंडळींचे एकत्रीकरण आणि उरलेल्या इमारतीचा नवा उपयोग या दोन्ही गोष्टी १९८० मध्ये जोडीने हाती घेतल्या गेल्या, आणि यशाचे श्रेय द्यायचेच तर मी या जोडीला देईन. एकत्रीकरण आधी आणि इमारतीचा विचार नंतर, असा क्रम लागला की मधल्या काळात छत गळते, दुरुस्तीचा अंदाज फुगतो आणि शेवटी विक्री एवढाच मार्ग उरतो.

वालुकाश्मी भिंती, स्लेटचे छत आणि शिशाच्या पन्हळी यांची देखभाल कधीच संपत नाही, त्यामुळे केंद्राला दर काही वर्षांनी मोठ्या दुरुस्तीसाठी निधी उभा करावाच लागतो. हा खर्च सेवेच्या खर्चाशी स्पर्धा करतो. वृद्धांच्या देखभालीसाठी आलेला पैसा पन्हळीवर घालायचा की पन्हळ आणखी एक हिवाळा तशीच चालवायची, हा निर्णय विश्वस्तांना घ्यावा लागतो, आणि तो घेताना त्यांच्यासमोर नॉर्मन दाराच्या सौंदर्याइतकीच रोज सकाळी त्या दारातून आत येणारी माणसेही असतात.